झोपडी काढायचा वर्ग

आमच्या वर्गाचा फ्लेक्स वर्गातल्या फळ्यापेक्षा मोठा होता. त्यावर डावीकडे संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, उजवीकडे सचिवांचा, आणि मधोमध एक गोरं म्हातारं जोडपं, एकाच लॅपटॉपकडे बघून हसणारं, दोघांचे सगळे दात जागेवर. खाली लिहिलं होतं, 'ज्येष्ठांसाठी मोफत संगणक वर्ग : पंधरा दिवसांत संगणकाशी मैत्री'. आमच्याकडे आलेल्या सोळा जणांपैकी एवढे दात कोणाच्याच तोंडात नव्हते, आणि संगणकाशी मैत्री करायला तर कोणीच आलं नव्हतं. प्रत्येकाचं काही ना काही काम अडलेलं होतं. हे मला पहिल्या दिवशी कळलं. संस्थेला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वडील भातकुलीजवळ वांगी, पालक आणि सणांच्या तोंडावर शेवंती काढतात. सकाळी आधी भाजी अमरावतीला जाते आणि तिच्या मागच्या एसटीने मी. कॉलेजात माझी एक सवय होती. सर काही म्हणाले की मी आधी 'हो सर' म्हणायची आणि ते काय म्हणाले याचा विचार नंतर करायची. त्यामुळे संस्थेचं काम बघणाऱ्या आमच्या सरांनी विचारलं, 'म्हाताऱ्या माणसांना शिकवशील का? शिफारसपत्र देऊ,' तेव्हा मी हो सर म्हटलं.

हे लिहावं की नाही याची मला अजून खात्री नाही. सर वाईट माणूस नाहीत. ते फक्त कोणाचं ऐकत नाहीत, आणि ऐकल्यासारखं फार सुंदर करतात. मान हलवतात, डोळे बारीक करतात, मध्येच 'अगदी बरोबर' म्हणतात. मी दीड वर्ष त्यालाच ऐकणं समजत होते.

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना गोल बसवून विचारलं, 'तुम्ही संगणक का शिकू इच्छिता?'

एक जण म्हणाले, दवाखान्याचा नंबर मोबाइलवर लावावा लागतो, तो लावता येत नाही. एका बाईंना पुण्यातला नातू बघायचा होता. बैलांच्या बाजारात जन्मभर दलाली केलेले एक काका होते, डोक्याला फेटा नाही पण खांद्यावर दुपट्टा कायम. ते म्हणाले, "पोट्टे म्हनतात बुढ्याले काही येत नाही. मंग म्हटलं, पाहू तरी काय हाय ते."

त्यांच्या शेजारी हिरव्या लुगड्यातल्या एक मावशी होत्या. साठी ओलांडलेली, चौथीपर्यंत शिकलेल्या, वाचता चांगलं येत होतं. तेल्हाऱ्याकडचं माहेर, अमरावतीत मुलाकडे राहायच्या. त्या म्हणाल्या, "मले सातबारा पाहाचा हाय. माया बापाच्या वावराचा."

"अगदी बरोबर," सर म्हणाले.

नंतर रजिस्टरमध्ये 'वर्गात येण्याचा हेतू' या रकान्यात त्यांनी पहिल्या नावापुढे लिहिलं, 'संगणकाविषयी जिज्ञासा', आणि खालच्या पंधरा नावांपुढे तसंच, तसंच, तसंच, असं करत गेले.

शिकवायला एक पुस्तिका होती. ती लिहिणाऱ्याने म्हातारं माणूस फक्त फ्लेक्सवर पाहिलं असावं. पहिल्या दिवशी संगणकाचा इतिहास. दुसऱ्या दिवशी संगणकाचे भाग. तिसऱ्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत, म्हणजे चांगले दहा दिवस, झोपडीचं चित्र. आधी चौकोन, त्यावर त्रिकोण, मग दार, खिडकी, मागे दोन डोंगर, डोंगरांच्या मधून उगवणारा सूर्य, पुढे नदी, आणि शेवटी झोपडीतून निघणारा धूर. मग वाढदिवसाचं शुभेच्छापत्र. मग समारोप. माउसला पुस्तिकेत 'मूषक' म्हटलं होतं आणि क्लिकला 'टिचकी'. मी इमानदारीने म्हणायची, "आता मूषकाच्या डाव्या कळीवर टिचकी द्या." सोळा माणसं माझ्याकडे बघत बसायची. एकदा मावशीच म्हणाल्या, "माउस म्हन ना पोरी. घरी सगळे माउसच म्हनतात. आमी काय बाहेरून आलो काय?"

मला राग आला, आणि राग यायचं कारण मला माहीत होतं. मी स्वतः घरी मले-तुलेच बोलते. कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्या बोलण्यावर एक मुलगी हसली, तेव्हापासून मी घासून घासून 'मला-तुला' शिकले. आणि आता तेच मी माझ्या आईहून मोठ्या बाईपुढे मिरवत होते.

दलालकाकांची एक वेगळीच पद्धत होती. बैलांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं हात दुपट्ट्याखाली घालतात आणि बोटं दाबून सौदा करतात, म्हणजे बाजूच्याला कळू नये. काकांना मी पासवर्ड म्हणजे काय ते सांगितलं, 'कोणाला दाखवायचा नाही' असंही सांगितलं. त्यांनी शांतपणे खांद्यावरचा दुपट्टा काढला, कीबोर्डवर अंथरला आणि दोन्ही हात त्याखाली घातले.

"काका, असं नका करू. बटणं दिसणार नाहीत."

"बटनं कायले पाहाची? बोटाले समजते."

आणि खरंच दोनचार दिवसांत त्यांना समजायला लागलं. बाकी सगळे एकेक अक्षर शोधत बसायचे तेव्हा काका छताकडे बघत दुपट्ट्याखाली टाइप करायचे. सरांनी ते पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तो कपडा काढायला लाव. फोटोत वाईट दिसतं." मी हो सर म्हटलं. काका म्हणाले, "तुया सराले सांगजो, फोटोत कपडा नाही दिसला तं मी बी नाही दिसन."

मावशींनी मात्र सातबाऱ्याचा विषय सोडला नाही. रोज एकदा विचारायच्या, "आज दाखवतं काय?" आणि मी रोज म्हणायची, "पुढे येणार आहे, मावशी." पुढे येणार नव्हतं. पुस्तिका माझ्या हातातच होती, मी ती शेवटच्या पानापर्यंत वाचलेली होती. पुढे केक येणार होता, वाढदिवसाच्या कार्डावरचा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांचे वडील वारले होते. दोन भाऊ आणि ह्या एकट्या बहीण. तेराव्याला मोठ्या भावाने सगळ्यांसमोर सांगितलं, 'वारसात तुयं नाव टाकलं बाई, फिकर करू नको.' पण नंतर एका लग्नात धाकट्या भावाच्या तोंडून काहीतरी निसटलं. तेव्हापासून त्यांच्या मनात किडा शिरला होता. भावाला विचारायचं तर 'मायावर भरोसा नाही काय' म्हणून तो जन्माचा रुसणार. मुलाला सांगायचं तर मुलाचं दुकान मामानेच लावून दिलेलं. नेट सेंटरवाला मुलाचा दोस्त. तलाठ्याकडे गेलं तर त्या गावात सगळ्यात आधी भावालाच कळणार.

"म्हनून म्हटलं, आपल्या हातानं, आपल्या डोयानं पाहावं. असंन तं असंन, नसंन तं नसंन. कोनाले इचारावं नाही लागत."

मी म्हटलं, "नाव असेलच, मावशी."

"तू पाह्यलं काय?"

मी डब्याचं झाकण लावलं.

झोपडीच्या बाबतीत त्यांनी सरांना त्रास दिला, म्हणजे सरांच्या मते. सगळ्यांनी पुस्तिकेप्रमाणे चौकोनावर त्रिकोण ठेवला. मावशींनी एक मोठा आडवा चौकोन काढला, चारही बाजूंना बांधासारख्या जाड रेघा ओढल्या, एका कोपऱ्यात गोल, दुसऱ्या कोपऱ्यात झाड. सर मागे उभे राहून म्हणाले, "छान. पण झोपडी कुठे आहे?"

"झोपडी नव्हती तथी," मावशी म्हणाल्या. "हे धुरे. हे विहीर. हे निंब. वावरात कोनी राह्यत नव्हतं."

"पण विषय झोपडी आहे, आजी."

"मंग धुऱ्याच्या आत काढू का धुऱ्यावर?"

काका दुपट्ट्याआडून म्हणाले, "धुऱ्यावर नको काढू, भांडन होईन." सगळा वर्ग हसला. सरही हसले, अगदी बरोबर म्हणाले, आणि मला म्हणाले, "त्यांच्याकडून झोपडी काढून घे. प्रदर्शन आहे." संस्थेचे पाहुणे समारोपाला येणार होते आणि भिंतीवर सोळा झोपड्या लागणार होत्या. मी हो सर म्हटलं. दुसऱ्या दिवशी मावशींच्या वावरात, विहिरीला लागून, मी सांगितलेल्या मापाची एक झोपडी उभी राहिली. ती तिथे इतकी उपरी दिसत होती की मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

आता त्या गुरुवारचं सांगते. वर्गाचा दहावा दिवस होता. सातबारा बघायला गट नंबर लागतो, एवढं मी मावशींना सांगून ठेवलं होतं, खरं म्हणजे त्यांना थोडे दिवस लांब ठेवायलाच. कारण त्यांना वावराचा नंबर माहीत नव्हता. त्यांच्या घरी ते 'निंबाचं वावर' होतं, सरकारच्या यादीत निंब कुठून असणार? पण गुरुवारी त्यांनी सरळ वर्गात बसून, आपल्या बटनांच्या फोनवरून, मोठ्या भावजयीला फोन लावला. ऐकायला कमी यायचं म्हणून स्पीकर सुरू. सगळ्या वर्गाने ऐकलं.

"वयनी, काय करून राहिल्या?"

"काही नाही वो बाई. तुरी निवडून राहिली. तुमी कशा?"

"बरी हाय. मी काय म्हनतो, निंबाच्या वावराचा गट नंबर काय हाय वो?"

पलीकडे सुपाचा आवाज थांबला. "कावून?"

"नातवाले शायेत प्रकल्प देला. पंजोबाच्या वावराची माहिती आना म्हनते त्याची मॅडम."

मावशी हे इतक्या सहज बोलल्या की मलाच क्षणभर ती मॅडम डोळ्यांपुढे आली. पेटी उघडल्याचा आवाज आला, कागद सरकल्याचा, मग पीकविम्याच्या कागदावरून तिने नंबर वाचून दाखवला, एकदा, दोनदा. मावशींनी तो वहीत लिहिला. मग भावजय आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, पाहाचं असंन तं लवकर पाहा." आणि फोन बंद केला.

मावशींनी वही माझ्यापुढे धरली. "हे घे. भेटला नंबर. आता उघड."

समोर संगणक सुरू होता. नेट होतं. माझ्या पिशवीत मोबाइल होता, त्यावर ते दोन मिनिटांत उघडलं असतं. मला तेव्हा मोबाइल सुचलाच नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. सुचला होता. पण सरांनी सांगून ठेवलं होतं की वर्गात दुसरी कोणतीही साइट उघडायची नाही, शुक्रवारी चित्रं छापायची होती, शनिवारी सर स्वतः तपासायला येणार होते, आणि मावशींच्या झोपडीला अजून धूर नव्हता.

"मावशी, आधी धूर काढून घ्या," मी म्हटलं. "सातबारा सोमवारी बघू. नक्की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वही मिटली आणि कमरेला खोचली. "बरं. तू म्हनतं तं सोमवारी."

शुक्रवारी त्यांचा धूर जमला नाही, रेघ जाड येत होती, म्हणून त्यांचं चित्र छापायचं मागे ठेवलं. शनिवारी सर आले, मावशींच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "धूर जरा वळणाचा हवा." मावशींनी तो तीनदा पुसून तीनदा काढला. शेवटी वळणाचा झाला. सर म्हणाले, "सुंदर! या वयात!" आणि चित्र छापलं गेलं.

सोमवारी सर नव्हते. मी शब्द पाळते आहे असा चेहरा करून मावशींना पहिल्या संगणकावर बसवलं. माउस त्यांच्याच हातात ठेवला. जिल्हा अकोला, तालुका तेल्हारा, मग गावाचं नाव, मग गट नंबर. शेवटी साइटने वेडीवाकडी अक्षरं दाखवून ती जशीच्या तशी लिहायला सांगितली.

"हे कायले?"

"आपण खरंच माणूस आहोत का, ते बघतं."

"आन वारसाचा अर्ज घेताना नाही पाहात?"

दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा उघडलं. सातबाऱ्यावर वडिलांचंच नाव होतं. मावशींनी बोट पुढे नेलं आणि काचेवर टेकवलं. "हे पाहा. माया बापाचंच हाय अजून." त्यांचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, झालं, सुटले मी. पण खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, प्रलंबित फेरफार, आणि पुढे एक क्रमांक. म्हणजे नावं बदलायचा अर्ज आत गेलेला होता. त्याची नोटीस दुसऱ्या पानावर असते. ते पान मी उघडून दिलं.

नोटीस त्यांनी स्वतः वाचली. जुन्या शाळेतली मुलं वाचतात तशी, मोठ्याने, शब्दावर बोट ठेवून. मयताचं नाव. वारस. मोठ्या भावाचं नाव, नातं मुलगा. धाकट्या भावाचं नाव, नातं मुलगा. मग त्या थांबल्या आणि माउसचं चाक खाली फिरवलं. पान संपलं होतं. तरी त्या चाक फिरवत राहिल्या.

"पुढचं पान लाव."

"पुढचं नाही, मावशी."

मग त्यांचं बोट पुन्हा वर गेलं आणि एका रकान्यावर थांबलं. हरकत नोंदवायची शेवटची तारीख. सरकार हरकतीला पंधरा दिवस देतं. आमचा वर्गही पंधरा दिवसांचाच होता. पहिल्या दिवशी सर 'अगदी बरोबर' म्हणाले तेव्हा ही नोटीस फक्त तीन दिवसांची होती. शेवटची तारीख होती शनिवारची, म्हणजे परवाची.

मावशींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शनवारी आपन काय करून राहिलो होतो?"

मी पडद्यावरची ती तारीख पुन्हा वाचली.

"धूर," त्या म्हणाल्या.

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरं झालं असतं. मागून दलालकाका उठून आले. त्यांनी पडदा वाचला, दुपट्टा खांद्यावर टाकला. "असं हातपाय गाळून नको बसू, बाई. अपील होते. प्रांत साहेबाकडं. टाइम लागते, पन होते."

"तुमाले काय माहीत?"

"मायाच बहिनीनं केलं होतं." काकांनी दुपट्ट्याचं टोक सरळ केलं. "मायावर."



"मंग कोन जिकलं?" मावशींनी विचारलं.

"तेच जिकली. पन तवापासून राखी नाही. मी गेलो नाही, ते आली नाही." मग ते आपल्या जागेवर जाऊन बसले, आणि त्या दिवशी त्यांनी दुपट्टा कीबोर्डवर घातला नाही, टाइपही केलं नाही.

नंतर मावशींनी सातबाऱ्याचं नाव काढलं नाही. मंगळवारी मी सगळ्यांकडून वाढदिवसाचं कार्ड करून घेतलं. त्यांनीही केलं. कोणाच्या नावाने करायचं विचारलं तर म्हणाल्या, "कोनाच्याही कर." मला वाटलं, संपलं. त्या काही करणार नाहीत. भावाला तोंड देण्यापेक्षा गप्प राहतील, आमच्याकडे सगळ्या बाया राहतात तशा. आणि खरं सांगायचं तर मला थोडं हलकंही वाटलं, कारण त्या गप्प बसल्या की माझीही चूक गप्प बसणार होती.

बुधवारी समारोप. भिंतीवर सोळा झोपड्या, टेबलावर नारळ, शाली, पाण्याच्या छोट्या बाटल्या. सर नव्या जाकिटात. पाहुणे यायला वेळ होता. मावशी माझ्याकडे आल्या. "ते नोटीस छापून दे. अपिलाले लागते."

मी सरांकडे गेले. त्या वेळी मी पहिल्यांदा 'हो सर' सोडून दुसरं काही म्हटलं. "सर, एक पान छापायचंय." सरांनी मान हलवली, डोळे बारीक केले. "अगदी बरोबर. पण कागद संपलेत गं. प्रदर्शनालाच पुरले. उद्या बघू."

ते 'उद्या' मी लगेच ओळखलं, कारण तो आवाज माझाच होता.

मावशींनी सगळं ऐकलं. त्या भिंतीजवळ गेल्या, आपली झोपडी शोधली, चारही कोपऱ्यांच्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि कागद मला आणून दिला. "हा मायाच हाय ना? मागून कोरा हाय. याच्यावर छाप."

"अहो आजी, फोटो व्हायचाय अजून!" सर मागून म्हणाले.

"मंग काढा ना," मावशी म्हणाल्या. "पंधरा हायेत."

संगणक त्यांनीच लावला. पान त्यांनीच उघडलं. वेडीवाकडी अक्षरं काकांनी एकदाच बघितली आणि न बघता टाइप केली. मी फक्त कागद घातला. तो आत जाताना मला धूर दिसला, वळणाचा, मग विहीर, मग निंब, आणि दुसऱ्या बाजूने नोटीस बाहेर आली. मावशींनी ती घडी करून वहीत ठेवली आणि निघाल्या. तेल्हाऱ्याची गाडी धरायची होती.

"भावाले आधी सांगीन," जाताना म्हणाल्या. "तोंडावर सांगीन. मंगच अपील. मागून करनं मले नाही जमत."

"रागावतील ते."

"रागवू दे. मी काय कमी रागवली?"

पाहुणे आले. त्यांनी काकांना विचारलं, "काय शिकलात?" काका उभे राहून म्हणाले, "झोपडी काढाले शिकलो साहेब. घर हाय मले, चार खोल्याचं. पन आता कधी काम पडलं तं झोपडी काढता येते." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ सरांनी. मावशींचं नाव पुकारलं तेव्हा प्रमाणपत्र घ्यायला मी पुढे गेले. ते अजून माझ्याकडे आहे. त्यावर लिहिलंय की यांनी संगणकाचं मूलभूत ज्ञान यशस्वीरीत्या आत्मसात केलं. ते खरंच आहे, पण त्यात आमचा काही हात नाही.

पेपरात फोटो आला. पाहुण्यांच्या डोक्यामागे भिंतीवर एक रिकामा चौकोन दिसतो. मला शिफारसपत्र मिळालं. त्यात सरांनी लिहिलंय की विद्यार्थिनी आज्ञाधारक व तत्पर आहे. पहिला शब्द बरोबर आहे.

पुढे मावशींचा एकदा फोन आला. प्रांताकडे अपील घेतलं, तारखा पडत आहेत. भाऊबिजेला भावाने बोलावलं नाही. भावजय मात्र शेजारणीच्या फोनवरून बोलते, तुरी निवडता निवडता. "नाव लागीन तवा लागीन," मावशी म्हणाल्या. "पन आता ते साइट मी सोताच पाह्यतो. पोराच्या फोनवर. तो झोपला का मी पाह्यतो."

हे मी सरांवर चिडून लिहायला घेतलं होतं. पण मध्ये एक गोष्ट झाली ती सांगितली नाही तर हे खोटं होईल. माझी एक आत्या आहे, धामणगाव रेल्वेला दिलेली. दर दिवाळीला येते, आई तिला लुगडं नेसवते, बाबा बसस्टँडपर्यंत सोडायला जातात आणि जाताना ती दर वेळी वांग्याच्या वाफ्याकडे उगाच एक चक्कर मारून येते. या दिवाळीत ती वाफ्याजवळ उभी होती तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ती वांगी बघत नसावी.

ती गेल्यावर मी बाबांना विचारलं, "बाबा, आपल्या वावराचा गट नंबर काय हाय?"

बाबा पालकाच्या जुड्या बांधत होते. हात थांबले. "कावून?"

मी म्हटलं, "कॉलेजात प्रकल्प देला."

बाबांनी लगेच सांगितला. शिवाय आत जाऊन जुनी पावती शोधून आणली, नंबर बरोबर आहे ना ते बघायला, आणि आईला म्हणाले, "पोरगी शेतीचं शिकून राहिली." ते किती खूश झाले होते.

नंबर माझ्या वहीत आहे. आज चौथा दिवस. मोबाइलवर ती साइट मी रोज उघडते. जिल्हा अमरावती, तालुका भातकुली, गावाचं नाव, गट नंबर, सगळं भरते. मग ती वेडीवाकडी अक्षरं येतात आणि मी फोन बंद करते. आई विचारते, काय बघतेस, तर सांगते, कोड सारखा चुकतो. एकदाही चुकलेला नाही. मी तो अजून भरलेलाच नाही.